त्रिस्थळीची यात्रा आणि हॉटेलांतील वरखर्च

प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांची यात्रा आपल्याकडील घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. या यात्रेचा विधि सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ सोळाव्या शतकांत ज्या नारायणभट्टांनीं लिहिला, त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. आणि १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळांतील. कोणत्या तीर्थीं कोणतें स्नान, कोणतें दान, कोणतें श्राद्ध, याचा विचार त्या ग्रंथांत आहे. हॉटेलच्या बिलाचा अध्याय मात्र त्यांत नाहीं, आणि असण्याचें कारणही नव्हतें. आजच्या यात्रेकरूस त्या अध्यायाची गरज पहिल्याच मुक्कामीं भासते. सारा जन्म मुलांच्या बेरजा-वजाबाक्या तपासण्यांत घालविलेल्या आमच्यासारख्या निवृत्त मास्तरास तो लिहिण्याचा थोडाबहुत अधिकार असावा, असें समजून हे चार शब्द लिहीत आहों.

काशी आपल्या मंडळींस कधींच परकी नव्हती. विश्वेश्वराचें आजचें देवालय अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधून पुरें केलें. अहिल्याबाईंचा घाट, शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अशीं आपलींच नांवें गंगेच्या कांठानें वाचीत जावें. आमच्या लहानपणीं घरचीं वडील माणसें काशीस जात, तीं ब्रह्मघाट, दुर्गाघाट या बाजूस तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत उतरत. भाडें असें कोणी मागत नसे. निघतांना यथाशक्ति दक्षिणा ठेवावयाची. त्या व्यवस्थेंत वरखर्च नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. ‘यथाशक्ति’ या शब्दाचा अर्थ यजमान एक करी आणि उपाध्ये दुसरा करीत. गयेस तर श्राद्ध सांग झाल्यावर ‘सुफल’ म्हणवून घेण्यासाठीं गयावळांशीं जी घासाघीस चाले, तिच्या कथा प्रत्येक घरांत आहेत. तेव्हां वरखर्च हें कांहीं आजच्या काळाचें अपत्य नव्हे. त्यानें केवळ धोतर-उपरणें टाकून कोट चढविला आहे.

१३ डिसेंबर २०२१ रोजीं विश्वनाथ मंदिराचा नवा विस्तार खुला झाला, तेव्हांपासून काशीची वर्दळ फार वाढली, आणि घाटावरच्या जुन्या वाड्यांतूनही हॉटेलें निघालीं. कुटुंबासह जाणारी बहुतेक मंडळी आतां हॉटेलांतच उतरतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. वृद्ध माणसांस स्वच्छ न्हाणीघर हवें, लहानांस रात्रीं दूध हवें, आणि त्याचे पैसे द्यावयास गृहस्थ कुरकुरत नाहीं. एखादी खोली महाग असणें हा दोष नव्हे. परवडत नसेल त्यानें ती घेऊं नये. दोष आहे तो किंमत हप्त्याहप्त्यानें सांगण्यांत. पहिला आकडा घरीं बसून कळतो, दुसरा दारांत, तिसरा जेवणाच्या टेबलावर आणि चौथा सामान बांधून झाल्यावर. त्या वेळीं बाहेर रिक्षा उभी असते, गाडीची वेळ भरत आलेली असते, आणि चारचौघांत आकड्यांचा कीस काढणें गृहस्थास बरें वाटत नाहीं. हॉटेलवाल्याचा सारा वरखर्च या संकोचावर पोसला जातो.

एक साधें उदाहरण मांडूं. समजा, पांच माणसांचें कुटुंब आहे आणि जाहिरातींत मोठी खोली रोजची २,००० रुपये लिहिलेली आहे. तीन रात्रींचे ६,००० झाले, असें घरीं ठरतें. प्रत्यक्षांत खोली तिघांपुरती निघते. उरलेल्या दोघांच्या जादा गाद्यांचे प्रत्येकी ५०० प्रमाणें तीन रात्रींचे ३,००० होतात. गाडी पहांटे पोंचली, खोली दुपारीं मिळावयाची. लवकर उघडून दिल्याबद्दल अर्ध्या दिवसाचे १,००० लागतात. झाले १०,०००. त्यावर शेंकडा पांच कर, ५०० रुपये. सहा हजारांचा हिशेब साडेदहा हजारांवर, म्हणजे पावणेदोनपट झाला. यांत अद्याप जेवण नाहीं, कपड्यांची धुलाई नाहीं, पाण्याची बाटलीही नाहीं. कोणीं खोटें बोललें काय? नाहीं. प्रत्येक आकडा कोठें ना कोठें बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. पण हे साडेचार हजार रुपये गयेच्या मुक्कामासाठीं राखलेले असले, तर त्या बारीक अक्षरांनीं एक तीर्थच यात्रेंतून काढून टाकलें म्हणावयाचें.

आतां हे आकडे एकेक करून पाहूं.

पहिला आकडा वेळेचा. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारीं बारा किंवा दोन वाजतां मिळते आणि सकाळीं दहा ते बाराच्या दरम्यान सोडावी लागते. क्षेत्राच्या ठिकाणीं कांहीं उतारगृहें आल्या वेळेपासून चोवीस तास मोजतात; तीं यात्रेकरूस फार सोयीचीं. म्हणून ‘एक दिवस’ म्हणजे किती तास, हें आधींच विचारावें. पहांटे पोंचणाऱ्यास काशीएवढें सोयीचें गांव दुसरें नाहीं. सामान हॉटेलच्या कार्यालयांत ठेवावें; पुष्कळ ठिकाणीं तें फुकट ठेवून घेतात. तसें नसेल तर स्टेशनावर सामानघर आहेच. आणि सरळ गंगेवर जावें. सूर्योदयाच्या वेळचें स्नान, घाटावरील फेरफटका, विश्वेश्वराचें दर्शन, गल्लींतील कचौडी-जिलेबी, आणि दिवस थंडीचे असतील तर ठठेरी बाजाराकडे मिळणारें मलइयो, इतकें होईतों खोलीची वेळ होते. जे तास झोंपून काढण्यासाठीं हॉटेलवाला हजार रुपये मागतो, ते काशींतले सर्वांत सुंदर तास आहेत.

दुसरा आकडा माणसांचा. आपण ‘खोली’ घेतों, हॉटेलवाला ‘डोकीं’ मोजतो. एकत्र कुटुंबास हा खर्च फार लागतो. पांच वर्षांखालील मूल फुकट, त्यापुढें अर्धा आकार आणि बारा वर्षांपुढें पुरा, असे निरनिराळे नियम निरनिराळ्या ठिकाणीं असतात. खोली ठरवितांना ‘आम्ही इतकीं माणसें, मुलांचीं वयें अमुक’ असें स्पष्ट लिहावें, आणि दोन जादा गाद्यांच्या पैशांत शेजारची लहान खोलीच मिळते काय, हें विचारावें. कित्येकदां मिळते, आणि वडील मंडळींस निवांतपणा मिळतो तो निराळाच.

तिसरा आकडा जागेचा. ‘गंगादर्शनाची खोली’ म्हणून वेगळा भाव असतो. ज्या वृद्ध माणसास जिने उतरून घाटावर जाणें शक्य नाहीं, त्याच्यासाठीं तो द्यावा. पैसे सार्थकीं लागतात. इतरांनीं मात्र गंगा खिडकींतून पाहण्यापेक्षां पायऱ्यांवर बसून पाहावी. तिथें भाडें नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, घाटालगतच्या हॉटेलांपर्यंत मोटार जात नाहीं. गोदौलियाच्या पुढें बहुधा पायींच जावें लागतें, आणि सामान वाहण्यास माणूस लागतो. ‘आमचा माणूस येईल’ असें हॉटेलवाले गोडपणानें सांगतात. तो माणूस हॉटेलच्या खर्चानें येणार कीं आपल्या, हें त्याच वाक्याबरोबर विचारून घ्यावें. स्टेशनाजवळच्या किंवा कँटोनमेंटच्या हॉटेलांतील खोली स्वस्त पडते, पण रोजच्या दोन फेऱ्यांचें रिक्षाभाडें तिच्यांत मिळवून मगच तुलना करावी.

चौथा आकडा तिथीचा. कार्तिकी पौर्णिमेस काशींत देवदीपावली असते. त्या सुमारास घाटावरील खोल्यांचे भाव कित्येक पटींनीं चढतात, आणि ‘तीन रात्री घेतल्याच पाहिजेत’ अशा अटी येतात. गोव्याकडे नाताळांत आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीं पुष्कळ मोठ्या हॉटेलांत सक्तीच्या मेजवानीचे पैसे खोलीच्या भाड्यावर वेगळे घेतात. त्या रात्रीं आपण उपाशीं झोंपलों तरी ते द्यावेच लागतात. दीपोत्सव पाहणें हाच संकल्प असेल तर गोष्ट वेगळी. नाहीं तर पौर्णिमा टाळून आठ दिवस मागें-पुढें जावें. गंगा तीच असते.

पांचवा आकडा सरकारी कराचा. हा टाळण्याचा नव्हे, आधीं मोजण्याचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेंकडा ५ वस्तू व सेवा कर लागतो. पूर्वीं तो १२ होता. भाडें ७,५०० च्या वर गेलें कीं कर शेंकडा १८. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली करासह ७,७७० स पडते आणि ७,६०० ची ८,९६८ स. दोनशें रुपयांच्या चढानें बाराशें रुपयांचा फरक पडतो, ही गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नोंदलेल्या धर्मादाय न्यासाच्या, देवस्थानाच्या आवारांतील धर्मशाळेंत खोलीचें भाडें रोजचें हजाराच्या आंत असल्यास हा कर लागत नाहीं. कोणी कराच्या नांवाखालीं याहून अधिक मागेल, तर ‘कराचा नोंदणी-क्रमांक असलेलें छापील बिल द्या’ एवढेंच म्हणावें. बहुधा आकडा आपोआप खालीं येतो.

सहावा आकडा सेवाशुल्काचा. आणि येथें एक अनुभव सांगतों. अलीकडे आम्ही सहाजण या यात्रेस गेलों होतों. आम्ही, आमची मंडळी, चिरंजीव, सूनबाई, नात आणि आमच्या थोरल्या वहिनी. गयेस थोरल्या बंधूंचें श्राद्ध करावयाचें, हा वहिनींचा कित्येक वर्षांचा संकल्प. त्यासाठीं आपल्या निवृत्तिवेतनांतून त्यांनीं एक पाकीट वेगळें भरून ठेवलें होतें, आणि त्याला हात लावूं दिला नव्हता. काशींतील एका हॉटेलच्या भोजनगृहांत रात्रीं जेवणाचें बिल आलें. पदार्थांचे १,४८० रुपये, त्यावर शेंकडा दहा सेवाशुल्काचे १४८, आणि या दोहोंच्या बेरजेवर शेंकडा पांच कर. एकूण १,७०९ रुपये ४० पैसे. आम्हीं चष्मा काढून तें वाचूं लागतांच चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, जाऊं द्या ना. दीडशें रुपयांसाठीं वाद कशाला?”

वहिनी म्हणाल्या, “वाद कोण घालतोय? विचारणें म्हणजे वाद नव्हे. भावजी, तुम्ही विचारा.”

आम्हीं व्यवस्थापकांस बोलावून शांतपणें विचारलें कीं, हें सेवाशुल्क ऐच्छिक आहे कीं सक्तीचें? गृहस्थ सभ्य होते. ‘सक्तीचें नाहीं,’ असें म्हणून त्यांनीं दुसरें बिल आणून दिलें. तें १,५५४ रुपयांचें होतें. फरक १५५ रुपये ४० पैशांचा. त्यांतील शंभरांची नोट आम्हीं वाढणाऱ्या मुलाच्या हातांत दिली. त्यानें ती कपाळास लावली, आणि दुसऱ्या दिवशीं वहिनींसाठीं न मागतां मऊ भात आणला. सेवेचें मोल द्यावें, तें सेवा करणाऱ्याच्या हातीं द्यावें, हा आमचा त्या दिवसाचा धडा. आमच्या शेजारच्या टेबलावरील कुटुंबानेंही मग आपलें बिल पुन्हां मागविलें, हें सांगण्यास हरकत नाहीं.

या प्रश्नामागें कायद्याचें बळ आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सेवाशुल्क बिलांत आपोआप मिळवूं नये, दुसऱ्या नांवानें घेऊं नये, न देणाऱ्यास प्रवेश नाकारूं नये, आणि त्यावर कर आकारून पुन्हां वसूल करूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयांत गेल्या. २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें त्या सूचना योग्य ठरविल्या. ग्राहकानें खुषीनें कांहीं द्यावयास कोणाचीच ना नाहीं. कोणी ऐकलेंच नाहीं, तर राष्ट्रीय ग्राहक मदतकेंद्राचा दूरध्वनि १९१५ आहे. बहुधा तो फिरवावा लागत नाहीं. ठाऊक असला म्हणजे पुरतो.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट मात्र उलट आहे. ‘बाटलीवर छापलेल्या किंमतीहून अधिक घेतां कसे?’ म्हणून हॉटेलांत भांडणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. दुकानांत तो मुद्दा बिनतोड आहे. परंतु हॉटेलांत किंवा उपाहारगृहांत बसून घेतलेल्या बाटलीस तो लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१७ मध्यें ठरविलें. तेव्हां तेथें वाद न घालतां स्वतःचा तांब्या किंवा बाटली बाळगावी, आणि साधें शुद्ध केलेलें पाणी मागावें. खोलींतील लहान शीतकपाटांतल्या वस्तू, आणि कपड्यांच्या नगावर आकारलेली धुलाई, यांचे भाव कपाटाच्या दारावरील कागदावर छापलेले असतात. तो कागद मुलांनीं दार उघडण्यापूर्वीं वाचावा. नौकाविहार, सारनाथची मोटार यांची व्यवस्था हॉटेलच्या मेजावरून केली तर मध्यस्थाचा वांटा त्यांत येतो. घाटावर स्वतः जाऊन दोघां-तिघां नावाड्यांस विचारावें. नाव साऱ्यांची कीं माणशीं, जाण्याचे पैसे कीं येण्याजाण्याचे, हें बसण्यापूर्वीं ठरवावें.

काशीहून गयेस जातांना वाटेंत जें मोठें स्टेशन लागतें, त्याचें नांव २०१८ सालीं पंडित दीनदयाळ उपाध्याय असें झालें. त्यापूर्वीं पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला मोगलसराई म्हणत. सराई म्हणजे वाटसरूंची उतारशाळा. या सरायांसाठीं १८६७ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक कायदा केला. उतारूंच्या खोल्या स्वच्छ ठेवाव्या, पहारेकरी नेमावे, यांबरोबरच दरांचें पत्रक, जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागीं आणि त्या भाषांत लावून ठेवावें, असें कर्तव्य त्यानें सराईवाल्यावर घातलें. दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं, बैलगाडीच्या वाटसरूस जो अधिकार मान्य झाला, तो हाच कीं दारांत पाऊल टाकण्यापूर्वीं त्याला पुरी किंमत कळावी. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय प्राधिकरणानें संगणकावरील व्यापारांतील फसवणुकीचे तेरा प्रकार मना केले. त्यांत एक प्रकार म्हणजे किंमत थेंबाथेंबानें उघड करणें, आणि दुसरा ग्राहकाच्या टोपलींत न सांगतां वस्तू सरकविणें. खोली ठरवितांना ‘विमा’, ‘देणगी’, ‘न्याहारी’ यांपुढें आधींच खूण केलेली दिसली तर ती आपल्या हातानें काढून टाकावी.

हा रोग केवळ आपल्याकडील नव्हे. मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणारे आपले पुष्कळ लोक ग्रँड कॅनियन पाहतांना लास वेगास येथें उतरतात. तेथें खोलीच्या भाड्याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ म्हणून कित्येक ठिकाणीं रोजचे चाळीस-पन्नास डॉलर घेत आले आहेत. पोहण्याचा तलाव वापरा कीं न वापरा. तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १२ मे २०२५ पासून अमलांत आला. त्यानें शुल्कावर बंदी घातलेली नाहीं. सक्तीचें शुल्क पहिल्या आकड्यांतच मिळवून दाखविलें पाहिजे, एवढेंच म्हटलें आहे. सरकारी कर वेगळा दाखविण्याची मुभा आहे, म्हणून शेवटची बेरीज पाहावीच. युरोपांत रोमसारख्या शहरीं माणशीं, रात्रीगणिक नगरपालिकेचा कर हॉटेलांतच द्यावा लागतो. तो लबाडीचा नव्हे, पण घरून मोजून निघावा. आणि परदेशांत कार्डानें पैसे देतांना ‘रुपयांत घेऊं कीं येथील नाण्यांत?’ असें यंत्र विचारतें, तेव्हां तेथील नाणें सांगावें. रुपये म्हटलें कीं विनिमयाचा भाव यंत्राचा मालक ठरवितो, आणि तो बहुधा महाग पडतो.

हॉटेल नकोच असेल, तर काशींत आणि गयेंत धर्मशाळा आहेत, मठ आहेत, निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनीं बांधलेलीं छत्रें आहेत. मोठ्या स्टेशनांवर तिकीटधारकांसाठीं विश्रांतिगृहाच्या खोल्याही मिळतात. त्यांचे नियम कडक असतात. रात्रीं दार लौकर मिटतें, भोजनाची वेळ ठरलेली असते, पांघरूण आपलें न्यावें लागतें. ज्यांस हें चालतें त्यांनीं अवश्य जावें. मात्र धर्मशाळांच्या नांवानें खोट्या जाहिराती करून आगाऊ पैसे उकळणारे भामटे फार झाले आहेत. न्यासाच्या छापील पावतीवरील किंवा ओळखीच्या माणसानें दिलेल्या क्रमांकावर बोलल्यावांचून एक पैसाही पाठवूं नये. धर्मशाळेंत राहून निघतांना दानपेटींत कांहीं न टाकणें, हेंही शोभत नाहीं. फुकट आणि स्वस्त यांतला फरक कोणीतरी आपल्यासाठीं भरीत असतो.

राहिली शेवटची गोष्ट, पत्राची. हॉटेल ठरविण्यापूर्वीं त्याच्या व्यवस्थापकास, दूरध्वनीनें बोलणें झालें असलें तरी, लेखी विचारावें. प्रश्न सहाच. आमचीं इतकीं माणसें आणि मुलांचीं वयें अमुक. सर्व रात्रींचे, जादा गाद्या आणि कर धरून एकूण किती? खोली किती वाजतां मिळेल व किती वाजतां सोडावयाची? आधीं आलों किंवा उशिरा निघालों तर सामान ठेवण्यास पैसे पडतील काय? न्याहारी भाड्यांत आहे काय? जाणें रहित झालें तर कोणत्या तारखेपर्यंत पैसे परत मिळतील? आणि याखेरीज आणखी कोणतेंही सक्तीचें शुल्क आहे काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याला ‘नाहीं’ असें उत्तर लेखी आलें, कीं निघण्याच्या दिवशीं आपल्याला बोलावें लागत नाहीं. तो कागदच बोलतो. मध्यस्थ कंपनीच्या जाहिरातींत जो भाव दिसतो, तोच भाव हॉटेल सरळ देतें काय, हेंही याच पत्रांत विचारावें. पुष्कळदां थोडा कमीच मिळतो. आणि जेथून उत्तरच येत नाहीं, तेथें जाऊं नये.

कोणी म्हणेल, यात्रेस निघाल्यावर इतका हिशेब कशाला? देवाच्या दारीं पैशाकडे पाहूं नये. आमचें म्हणणें उलट आहे. घरीं हिशेब केला, म्हणजे देवाच्या दारीं तो करावा लागत नाहीं. ज्याचा एकूण आकडा आधींच ठरला आहे, तो आरतीच्या वेळीं मनांतल्या मनांत बेरीज करीत बसत नाहीं. सामान उचलणाऱ्यास वीस रुपये अधिक देतांना त्याचा हात आंखडत नाहीं. आमच्या वहिनींचें पाकीट काशींत उघडावें लागलें नाहीं. गयेस विष्णुपदाच्या देवळांत पिंड ठेवून झाल्यावर त्यांनीं तें स्वतः उघडलें आणि गुरुजींस, स्वयंपाक्यास, दाराशीं बसलेल्यांस आपल्या हातानें वांटलें. ते पैसे कोणास द्यावयाचे हें त्यांनीं ठरविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

यात्रेहून परत आल्यावर प्रत्येक घरानें एक काम करावें. खर्चाची वही फेंकून न देतां, कोठें उतरलों, काय ठरलें होतें आणि काय द्यावें लागलें, हे तीन रकाने स्वच्छ लिहून ती देवघराच्या कपाटांत ठेवावी. एकत्र कुटुंबांत आज ना उद्यां कोणीतरी त्याच वाटेनें जाणार असतो. धाकटे भाऊ जातील, पुतण्या आपल्या सासूसासऱ्यांस नेईल. आमची वही सध्यां धाकट्या बंधूंकडे गेली आहे. ते येत्या माघांत सहकुटुंब निघणार आहेत.